मुंबई–लंडन विमानप्रवास : अंतर आणि काळ यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक
मावळातील इंदुरी येथे इंद्रायणीकाठी सेनापती खंडेराव दाभाडे यांचा भुईकोट आहे. अठराव्या शतकात दाभाड्यांच्या फौजा गुजरातच्या मोहिमांवर मजल-दरमजल करीत जात. मजल म्हणजे एका दिवसात तोडता येणारी वाट. घाट, नदी व पाऊस यांनुसार ती कमी-अधिक होई. १८५८ मध्ये खंडाळा–पुणे लोहमार्ग सुरू झाला. परंतु बोरघाट ओलांडण्यासाठी प्रवाशांना पालखी, तट्टू वा बैलगाडी घ्यावी लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर मुंबई जवळ आली. डोंगर मात्र होता तेथेच होता. हवाई प्रवासात असे अडथळे उरत नाहीत, असा सार्वत्रिक समज आहे. मुंबई–लंडन मार्गाच्या आधारे तो तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थांब्यांचा काळ
१९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. या प्रवासास सुमारे एक आठवडा लागे व त्यातील काही टप्पा रेल्वेने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले आणि मुंबई या साखळीस जोडली गेली. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले व कैरो, जिनिव्हामार्गे १० जून रोजी लंडनला पोहोचले. मुंबई–लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० कि.मी. आहे; या थांब्यांमुळे ते जवळपास ८,००० कि.मी. झाले. मार्ग नकाशाने नव्हे, इंधनाच्या टाकीने ठरवला होता. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर वेग जवळजवळ दुप्पट झाला.

वारा आणि परवानगी
आज थेट विमानास लंडनला जाण्यासाठी साधारणतः साडेनऊ ते दहा तास लागतात. परतीस सुमारे एक तास कमी. उंचावरील पश्चिमी वारे जाताना समोरून, तर येताना पाठीमागून वाहतात, हे त्याचे कारण. इंधनाची अडचण दूर झाली, तरी दुसरी एक अट कायम राहिली. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते. नकाशावर दिल्ली मुंबईपेक्षा लंडनला सुमारे ५०० कि.मी. जवळ आहे. तथापि फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीच्या विमानांना आधी नैर्ऋत्येस अरबी समुद्राकडे वळावे लागले. मुंबईच्या विमानांना समुद्र जवळच असल्याने ही झळ तुलनेने कमी बसली. ती बंदी जुलै २०१९ मध्ये उठली. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी ती हद्द पुन्हा बंद झाली. उत्तर अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांना तर इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. म्हणजे १९४८ चा थांबा वेगळ्या कारणाने परत आला.

निष्कर्ष
दोन शहरांमधील भौगोलिक अंतर स्थिर असले, तरी प्रवासाचे अंतर यंत्र, वारा आणि राजकारण यांच्या मेळातून घडते. लांबलेल्या मार्गाचा भार इंधनखर्चाच्या रूपाने अखेर प्रवाशावर, म्हणजे परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर व नोकरदारावर पडतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने अंतर हा गृहीत आकडा न मानता त्या-त्या काळाचा पुरावा मानला पाहिजे. या अर्थाने मजल ही संकल्पना विमानयुगातही कालबाह्य झालेली नाही.