हळदीची 63 ची भानगड

आजचा विषय आपल्या डब्यातला आहे: हळद.

सांगलीची हळद म्हटलं की राजापुरी वाण आणि हरिपूरची पेवं आठवतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरलं. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं. हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. पण एक इतिहास हळदीच्या पेशीतही आहे.

आपल्यात 46 गुणसूत्रं असतात, म्हणजे 23 चे दोन संच. लागवडीच्या हळदीत असतात 63, म्हणजे 21 चे तीन संच. गडबड इथंच आहे. बी तयार होण्याआधी गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तिघांच्या जोड्या कशा लावणार? म्हणून हळदीला फुलं येतात, पण बी सहसा धरत नाही.

आता साताऱ्याकडे चला. तिथल्या डोंगरात पावसाळ्यात गुलाबी तुऱ्याची रानहळद फुलते. तिच्यात गुणसूत्रं 42, म्हणजे सरळ दोन संच. हळदीच्या काही जातींत 84 पण सापडतात. फार पूर्वी 42 वाली आणि 84 वाली यांचा संकर झाला असावा, असा एक अंदाज आहे. हिशेब जुळतो: 21 अधिक 42, बरोबर 63.

मग बी नसताना ही हळद आजवर टिकली कशी? माणसानं टिकवली. दरवर्षी काढणीनंतर जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूला ठेवले आणि पुन्हा लावले. आमच्या भाषेत, पिढ्यान्‌पिढ्या कॉपी-पेस्ट.

कॉपीचा फायदा असा की रंग, चव तीच राहते. तोटा असा की कमजोरीही तीच राहते. एका झाडाला जी कंदकुज झेपत नाही, ती अख्ख्या वावराला झेपत नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं ‘फुले स्वरूपा’ दिलं. पण हळदीची बहुतेक वाणं आहे त्याच साठ्यातून निवडलेली असतात. कधीतरी चुकून बी धरतं. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेनं तशाच रोपांतून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ निवडली.

म्हणून डोंगरावरची रानहळद नुसती फोटोपुरती नाही. नवे गुण शोधायचे तर ते तिच्यासारख्या रानटी भाऊबंदांतच शोधावे लागतील. फिरायला गेलात तर फोटो जरूर काढा, कंद मात्र उपटू नका.

भेटू पुढच्या भागात!