पळणाऱ्याचे मोल

अमेरिकी फुटबॉलमध्ये दर वर्षी 'ड्राफ्ट' होतो. आपल्या परिचयाच्या क्रिकेट-लिलावाशी त्याची गल्लत करू नये. लिलावात बोली लागते, चढाओढीत खेळाडूचा भाव वाढतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. मागच्या हंगामात तळाला राहिलेला संघ पहिला आणि विजेता शेवटचा, अशा क्रमाने संघ महाविद्यालयीन खेळाडूंची नावे उचलतात. ज्या संघाने नाव उचलले, करार त्याच्याशीच. या प्रथेभोवती अनेक दशके एक वाद रेंगाळतो आहे: चेंडू काखेत दाबून समोरच्या गर्दीत घुसणारा 'रनिंग बॅक' पहिल्या फेरीत उचलावा की नाही?

वरवर पाहता हा डावपेचांचा प्रश्न आहे. त्याचा इतिहास चाळत गेले, की तो श्रमाच्या किमतीचा प्रश्न असल्याचे ध्यानात येते.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक, आणि त्यांचा संघ तळाला होता. श्रीमंत संघच चांगले खेळाडू पळवतात, ही त्यांची तक्रार. सर्वांत आधी उचलले गेलेले नाव जे बरवँगर या शिकागो विद्यापीठाच्या हाफबॅकचे, म्हणजे पळणाऱ्याचेच. ईगल्सशी त्याचे पैशांचे जुळले नाही, हक्क शिकागो बेअर्सकडे गेले, तिथेही जुळले नाही. बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पहिल्याच वर्षी भाव ठरवायचा हक्क कुणाचा, हा मुद्दा असा पुढे आला.

पुढची चार दशके पळणारा हाच खेळाचा नायक राहिला. १९५७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने सहाव्या क्रमांकावर जिम ब्राउनला घेतले. नऊ हंगामांपैकी आठ हंगामांत धावण्यात तो अव्वल होता, आणि तिशीत स्वतःहून निवृत्त झाला. तेव्हा लवकर निवड करावी का, हे कुणी विचारत नव्हते.

१९७८ मध्ये नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपुढे अडवणे, धक्के देणे बंद झाले. बचावफळीला रोखणाऱ्या पुढच्या फळीला हात पसरण्याची मुभा मिळाली. चेंडू फेकणे सोपे झाले आणि पळण्याचे महत्त्व हळूहळू उतरू लागले. योगायोग असा, की त्याच वर्षी ह्यूस्टन ऑइलर्सने पहिल्या क्रमांकावर अर्ल कॅम्पबेलला घेतले. पहिले तिन्ही हंगाम तो धावण्यात अव्वल राहिला. १९८० मध्ये एकट्याने ३७३ वेळा चेंडू वाहिला. असा भार ओढणाऱ्याला अमेरिकी वार्ताहर 'बेल काऊ' म्हणतात, म्हणजे कळपापुढे चालणारी, गळ्यात घंटा असलेली गाय. ऑइलर्स दोनदा अंतिम लढतीच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा पिट्सबर्गकडून हरले. कॅम्पबेल एकतिसाव्या वर्षी थांबला. पुढे पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया आणि चाकांची खुर्ची त्याच्या वाट्याला आली.

लवकर निवडीच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा डेन्व्हरचा. डेन्व्हर ब्रॉन्कोजने १९९५ मध्ये सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर टेरेल डेव्हिसला घेतले. त्याने १९९८ मध्ये २,००८ यार्ड काढले आणि संघाने लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. १९९९ मध्ये त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी आला, त्याने १,१५९ यार्ड काढले. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतला माइक अँडरसन आला, त्याने १,४८७. माणसे बदलली, पुढची फळी रोखण्याची पद्धत तीच राहिली. पळणारा दिसतो, वाट करून देणारे दिसत नाहीत, हा धडा संघमालकांनी इथून घेतला.

पण डॅलसचा पुरावा उलट आहे. डॅलस काउबॉइजने १९९० मध्ये १७व्या क्रमांकावर एमिट स्मिथला घेतले. त्याच्यापुढची फळीही नामांकित होती. १९९३ मध्ये वेतनाच्या वादावरून स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही आणि गतविजेता डॅलस दोन्ही हरला. स्मिथला हवा तसा करार मिळाला, तो परतला आणि डॅलस पुन्हा विजेता झाला. फळी तीच होती, फक्त पळणारा नव्हता.

तरीही हिशेब मालकांच्या बाजूने झुकत गेला. १९९४ पासून संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. २०११ च्या करारानुसार नवख्यांचे वेतन निवडीच्या क्रमांकावरून जवळपास ठरूनच जाऊ लागले. केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी दाखवले, की संघ अगदी वरच्या निवडींसाठी फाजील आत्मविश्वासाने जास्त किंमत मोजतात. २०१३ मध्ये पहिल्या फेरीत एकही पळणारा उचलला गेला नाही. १९६३ नंतर असे प्रथमच घडले.

या हिशेबाची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. शाळा सोडून तीन वर्षे होईपर्यंत ड्राफ्टमध्ये येता येत नाही. मॉरिस क्लॅरेट या पळणाऱ्यानेच या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. २००४ मध्ये तो आधी जिंकला, मग अपिलात हरला. ही तीन वर्षे खेळाडू महाविद्यालयासाठी धडका खातो, आणि २०२१ पर्यंत त्याला आपल्या नावावरही पैसे मिळवता येत नव्हते. नंतर चार वर्षांचा ठरीव करार. पहिल्या फेरीतला असेल तर संघाच्या मर्जीने पाचवे वर्ष. त्यावर 'फ्रँचाइज टॅग', म्हणजे ठरलेल्या रकमेत आणखी एक वर्ष अडकवण्याचा हक्क. मोकळा होईतो तो सत्ताविशीत येतो, आणि तेव्हा बाजार सांगतो, आता तुझे पाय थकले.

सकॉन बार्कली ही वाट पायरी न चुकता चालला. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच हंगामात तो सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला, संघ मात्र १६ पैकी ११ सामने हरला. चार वर्षे, पाचवे वर्ष, मग टॅगचे वर्ष. सहा हंगामांत जायंट्स एकदाच बाद फेरीत पोचले. २०२४ मध्ये जायंट्सने त्याला जाऊ दिले. ईगल्सने, म्हणजे बर्ट बेल यांच्याच जुन्या संघाने, त्याला तीन वर्षांसाठी घेतले. तिथे पुढची फळी भक्कम होती. त्याने त्या हंगामात २,००५ यार्ड काढले आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्स ४०-२२ असे जिंकून विजेते झाले.

दोन्ही पक्ष बार्कलीचेच उदाहरण देतात. जायंट्सचा अनुभव सांगतो, की भिंती उभ्या नसताना कळस चढवू नये. ईगल्सचा अनुभव सांगतो, की भिंती असतील तर कळसाला मोल आहे. म्हणून संघापुरते उत्तर देता येते: पुढची फळी तयार असेल तरच पळणारा लवकर उचलावा. २०२५ मध्ये अ‍ॅश्टन जेंटी सहाव्या क्रमांकावर गेला, म्हणजे लंबक पुन्हा सरकतो आहे.

पळणाऱ्याच्या बाजूने मात्र प्रश्न वेगळा आहे. नवख्याचा पगार निवडीच्या क्रमांकावर ठरतो. दुसऱ्या क्रमांकावरून तो दुसऱ्या फेरीत घसरला, तर त्याच्या सर्वांत सशक्त वर्षांची कमाई किती तरी पटींनी घटते, आणि ती भरून काढायला पुढे वर्षे उरत नाहीत. 'पळणाऱ्यावर पहिली निवड घालवू नका' हा सल्ला संघासाठी शहाणपणाचा असेल. पण तो पाळला जातो तेव्हा वाचलेला पैसा कुणाच्या गुडघ्यांतून वाचतो, हेही त्याच वहीत लिहायला हवे. बरवँगरला नकार देऊन दुसरे काम धरता आले. कॅम्पबेलने ३७३ वेळा चेंडू वाहिला, त्याचा हिशेब त्याच्या पाठीने चुकता केला.