गुराबेची नाळ आणि खोल समुद्र

मराठी आरमाराविषयी एक समज पक्का रुजला आहे. आपल्याकडे भर समुद्रात टिकणारी जहाजे बांधण्याची अक्कल नव्हती, म्हणून इंग्रज वरचढ ठरले, असे सर्रास म्हटले जाते. मला हे पटत नाही. जहाजाचा तळ कसा असावा हे त्याचे पाणी आणि त्याचे काम ठरवते. कोकणात खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, ओहोटीला पाणी उथळ. मराठी आरमाराचे प्रमुख असलेल्या आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, त्याच पाण्यासाठी घडल्या. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब 150 टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फारशी न बुडणारी, आणि पुढे लांब निघालेली नाळ. या नाळीला कठडाच नसे, त्यामुळे अंगावर आलेली लाट कुठेही न तुंबता वाहून जाई. नाळीमागच्या लाकडी भिंतीत झरोके ठेवून तोफा थेट समोर रोखलेल्या असत. जोडीला 40-50 वल्ह्यांची गलबते. महासागर ओलांडून आलेले ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे जहाज 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांनी पकडले, ते अशाच आरमाराच्या जोरावर.

यावर कुणी म्हणेल, उथळ तळाचे जहाज वाऱ्याने बाजूला घसरते, भर समुद्रातल्या उंच लाटांत त्याचा निभाव लागत नाही. खरे आहे. तिथे खोल कणा आणि तळाशी वजन लागते. खाडीत सहज शिरण्याची ती किंमतच होती. पण फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले ते बंदरात असताना. एका जहाजावर गोळा पडला आणि आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. शिवाय त्या मोहिमेत खुद्द पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. हा पराभव तळाच्या घडणीच्या माथी मारणे अन्याय आहे.

कारागिरीचा पुरावा मुंबईच्या गोदीत आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. तिचा आराखडा इंग्लंडहून आला होता, हा आक्षेप मी मान्य करतो. तळाच्या रेषा कागदावर मांडण्याचे शास्त्र तेव्हा आपल्याकडे रुजले नव्हते, ही उणीव झाकण्यात अर्थ नाही. मात्र तशा जहाजाची मागणी करणारे गिऱ्हाईकही इंग्रजांचे आरमारच होते. मराठी सत्तेला किनारा राखायचा होता, दक्षिण महासागर ओलांडायचा नव्हता. पुढे आपल्या काळात भारतीय नौदलाला तशी गरज पडली तेव्हा गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात डच आराखड्यावरून ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. 2009 मध्ये ती नौदलात आली. तिच्यातून नौदल अधिकारी अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 31 मार्च 2013 रोजी परतले.