जुनी फियाट घाटात नेण्यापूर्वी...

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघून कापूरहोळला उजवीकडे वळले, की भोरच्या वाटेवर भाटघरचे धरण लागते. वेळवंडी नदीवरील हे धरण ब्रिटिश अमदानीत लॉइड धरण या नावाने ओळखले जाई. तोवरच्या रस्त्यावर पन्नास वर्षांची जुनी फियाटही सुखाने धावते. खरी परीक्षा भोर ओलांडल्यावर सुरू होते. नीरा देवघरच्या जलाशयाकडेने जाणारा रस्ता पुढे वरंधा घाटातून महाडकडे उतरतो. तेथे इंजिनाची ताकद फारशी कामास येत नाही. कामास येतात ते ब्रेक आणि त्यांना साथ देणारे सस्पेन्शन.

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्यांचा पैसा मात्र बहुधा रंग, क्रोम आणि इंजिनावर खर्च होतो. चाकांच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते काम मागे पडते. वास्तविक क्रम उलटा हवा.

महाराष्ट्रात जुनी गाडी म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रीमियर पद्मिनी उभी राहते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे. मूळची इटलीची फियाट ११००. तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ती १९६४ मध्ये येथे आली, पुढे तिचे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची थांबली.

या गाडीची रचना समजण्यास सोपी आहे. पुढील दोन्ही चाके स्वतंत्र असून ती वरच्या आणि खालच्या विशबोनवर, कॉइल स्प्रिंगच्या आधाराने वरखाली होतात. मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि हायड्रॉलिक. समकालीन अ‍ॅम्बेसेडरला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार होते, म्हणून दोन्ही गाड्यांचे मिस्त्रीही वेगळे. पद्मिनीत ब्रेकला बूस्टर नसल्याने पायाचा जोर हाच सगळा जोर.

घाट उतरताना ब्रेकवर किती भार येतो, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. माणसांसह अकराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली आली, तर तिची जी ऊर्जा मुक्त होते, तेवढ्यात सुमारे सोळा लिटर गार पाणी उकळीला येईल. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही, तर ही सारी उष्णता चार ड्रममध्ये साठत जाते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जुनी खोड म्हणूनच जिवावर बेतू शकते.

तापलेले ब्रेक तीन वेगवेगळ्या रीतींनी दगा देतात, आणि तिन्हींची लक्षणे पेडलवर कळतात. लायनर तापून घर्षण कमी झाले, तर पेडल कडक लागते. पाय दाबूनही गाडी थांबत नाही. ड्रम तापून फुगला, तर शू आणि ड्रममधील अंतर वाढते आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जाते. ब्रेक ऑइलला उकळी फुटली, तर पेडल स्पंजासारखे मऊ होऊन थेट तळाशी टेकते. हा तिसरा प्रकार सर्वांत घातक, आणि टाळण्यास सर्वांत सोपा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंश धरली जाते. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल याहूनही वाईट असू शकते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण काढून नवे भरणे, हा स्वस्तातला विमा आहे. ‘डॉट ३’ आणि ‘डॉट ४’ एकमेकांत चालतात. सिलिकॉनचे ‘डॉट ५’ त्यांत मिसळू नये. इंजिन ऑइलचा थेंबही रबर फुगवून टाकतो.

ब्रेकचे काम काढायचे तर ते अर्धवट करू नये. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडून आतला पृष्ठभाग पाहावा. गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवे रबर कप घालून उपयोग नाही; गळती महिन्याभरात परत येते. अशा वेळी सिलिंडरमध्ये स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून घेतात. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसले, तरी आतून फुगून बंद होत आलेले असतात. मग पाय दाबला की ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही आणि चाक जाम राहते. पुष्कळदा या दोषाचे खापर शू किंवा स्प्रिंगवर फोडले जाते. ड्रम लेथवर कापून घेताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे ठेवावेत, अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. फार पातळ झालेला ड्रम लवकर तापतो. तो बदललेलाच बरा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रम काढल्यावर काँप्रेसरच्या हवेने धूळ उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. ही धूळ फुप्फुसांच्या असाध्य विकारांना आणि कर्करोगाला कारण ठरते. ओल्या फडक्याने पुसणे, मास्क वापरणे आणि फडके पिशवीत बांधून टाकणे, एवढे तरी व्हावे.

सस्पेन्शनमध्ये पहिली तपासणी किंग पिनची. जॅकवर उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवावे. खेळ जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबण्यास सांगून पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिन किंवा बुश झिजलेले. नवे बुश रीमरने मापात आणणे हे हाताच्या कसबाचे काम आहे, आणि ते करणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत. बसवल्यानंतर नियमित ग्रीस मिळाले नाही, तर सारा खर्च पाण्यात.

कॉइल स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. योग्य कॉम्प्रेसरशिवाय ती सोडवण्याच्या नादात हात मोडू शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. मागचे पाटे बसके झाले असतील, तर ते पुन्हा कमानीत आणून देणारे कारागीर मिळतात. मात्र जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळले, तर गाडी खाली टेकताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून अखेरचा पीळ गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच द्यावा. ही चूक नामांकित गॅरेजमध्येही होते!

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात शोधता येतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘कोरा’ रबरी माल मात्र कडक झालेला असतो; तो दाबून, वाकवून पाहूनच घ्यावा.

कायद्याचा भागही लक्षात ठेवावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी त्यात बसत नाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे.

काम झाल्यावर पहिली फेरी घाटात नव्हे, भाटघरसारख्या सोप्या रस्त्यावर घ्यावी. दहा-बारा वेळा मध्यम वेगातून हळूहळू थांबून लायनर ड्रमला बसू द्यावेत. नंतर थांबून ड्रमजवळ तळहाताची मागची बाजू, न टेकवता, नेऊन पाहावी. एक ड्रम गार असेल तर ते चाक ब्रेक लावतच नाही. एकच फार गरम असेल तर ते सुटत नाही. परतल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, ऑइलची पातळी पाहावी आणि मगच वरंध्याचा विचार करावा. पावसाळ्यात दरडींमुळे तो रस्ता अनेकदा बंद ठेवला जातो; निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.