लार्झाकचा माळ आणि मेंढीचे दूध

मेंढी म्हटली की आपल्याला घोंगडी आठवते, फार तर शेतात बसवलेला कळप. तिच्या दुधावर एखादा मुलूख जगत असेल हे सहसा मनात येत नाही. दक्षिण फ्रान्समधील लार्झाकचे पठार हा तसा मुलूख होय.

हे पठार चुनखडकाचे. पडलेला पाऊस भेगांवाटे खाली मुरतो आणि वर उरते ते आखूड, विरळ गवत. गाईचे पोट त्यावर भरत नाही, मेंढीचे भरते. ती चरते म्हणून झुडपे माजत नाहीत आणि तिच्या लेंड्यांनी मातीचा कस टिकतो. माळाने मेंढी पोसावी व मेंढीने माळ राखावा, असा हा शेकडो वर्षांचा व्यवहार आहे. तिच्या दुधाचे रोकफोर चीज शेजारच्या कोंबालू डोंगरातील थंड, दमट गुहांत पक्व होते. १४११ साली राजा सहावा चार्ल्स याने त्याचा हक्क रोकफोरच्या गावकऱ्यांना दिला. १९२५ साली कायद्याने त्या नावास संरक्षण मिळाले.

१९७१ साली सरकारने तेथील लष्करी छावणी सुमारे ३ हजार हेक्टरांवरून १७ हजारांवर नेण्याचे जाहीर केले. ओसाड माळ आणि चार मेंढपाळ, त्यांचे मोल ते काय, असा हा हिशेब! १९७२ साली लांझा देल वास्तो यांनी तेथे पंधरा दिवस उपोषण केले. हे गृहस्थ १९३७ साली वर्ध्यास गांधीजींपाशी राहिलेले. ‘शांतिदास’ हे नावही गांधीजींनीच दिलेले. उपोषण चालू असतानाच १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसला आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या नेऊन चारल्या. १९८१ साली अध्यक्ष मित्तेराँ यांनी योजना रद्द केली. पुढे १९८५ मध्ये सरकारने आपल्याकडे आलेली जमीन शेतकऱ्यांच्या सामाईक संस्थेस दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली.

या यशाचे श्रेय केवळ सत्याग्रहाला देणे आम्हांला अपुरे वाटते. शपथ नऊ वर्षे टिकली, कारण शपथ घेणाऱ्यांच्या घरी रोज दूध निघत होते व ते घेणारी बाजारपेठ जवळ होती. उपाशी माणसाला जमीन विकावीच लागते. २०११ साली युनेस्कोने या पठारांच्या चराईच्या परंपरेला जागतिक वारशात स्थान दिले. आपल्या गायरानांपुढे ‘पडीक’ असा शेरा मारण्यापूर्वी, त्यांवर कोण चरते आणि कोणाची चूल पेटते, एवढे आपणही विचारून पाहावे.