कुंपणच शेत खाते तेव्हा : माहितीसुरक्षा आणि मानसशास्त्र

संगणकप्रणालीवर बाहेरून होणाऱ्या हल्ल्यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्याच्या हाती अधिकृत पासवर्ड आणि कामाची खडान्‌खडा माहिती असते, त्या आतल्या माणसापुढे तांत्रिक तटबंदी तोकडी पडते. माहितीसुरक्षेच्या परिभाषेत यास ‘अंतर्गत धोका’ म्हणतात.

ऑस्ट्रेलियातील मरूची शायर येथे २००० साली घडलेली घटना प्रसिद्ध आहे. तेथील सांडपाणी नियंत्रण यंत्रणा बसविणाऱ्या कंत्राटदार कंपनीचा राजीनामा दिलेल्या एका कर्मचाऱ्यास स्थानिक परिषदेने नोकरी नाकारली. त्यानंतर त्याने रेडिओ उपकरणांद्वारे यंत्रणेत शिरून पंपांच्या कामात बिघाड घडविला. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत व नदीनाल्यांत गेले. २००१ मध्ये त्यास दोन वर्षांची कैद झाली.

असे कृत्य क्वचितच अकस्मात घडते. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये तीन घटक मांडले : कोणास सांगता न येणारी आर्थिक अडचण, हाती आलेली संधी आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत. ‘मी चोरी करीत नाही, उसने घेतो’, हे तिसऱ्या घटकाचे रूप होय.

प्रतिबंधाचे उपाय याच घटकांवर बेतावे लागतात. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चितता अधिक परिणामकारक असते, असे इटालियन विचारवंत बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच प्रतिपादिले होते. बँकांतील संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना पूर्वसूचनेविना सक्तीच्या रजेवर पाठविण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक याच तत्त्वाशी जुळतो. आपल्या खुर्चीत कधीही दुसरा कोणी बसेल, ही जाणीव संधीचा मोह कमी करते.

मात्र केवळ धाक पुरत नाही. सिपोनेन आणि व्हान्स यांच्या २०१० मधील संशोधनात, सुरक्षानियम मोडण्यामागे शिक्षेच्या भीतीच्या अभावापेक्षा मनाने शोधलेल्या सबबींचा प्रभाव अधिक दिसून आला. म्हणून प्रशिक्षणात ‘सगळेच करतात’, ‘कोणाचे नुकसान होत नाही’ या सबबींचा थेट समाचार घेणे हितावह ठरते.

सतत अविश्वासाची पाळत ठेवल्यास प्रामाणिक माणूसही दुरावतो. तक्रारीची वेळीच दखल, अडचणीत गोपनीय मदत, आणि निरोपाच्या दिवशी प्रवेशाधिकार रद्द करतानाही राखलेला सन्मान, ही त्रिसूत्री खर्चाने अल्प असली तरी कुंपण शाबूत ठेवणारी आहे.