तंजावरची अन्नछत्रे : दान आणि हक्क

तंजावर म्हटले की मराठी मनाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत सुमारे पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात मराठी राज्य नांदले. त्या राज्याचा एक वारसा मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो म्हणजे तेथील छत्रे. आजच्या एका मोठ्या प्रश्नाच्या संदर्भात त्यांचा इतिहास पुन्हा पाहावासा वाटतो. बाजाराच्या अर्थव्यवस्थेत जो मागे पडतो, आजारी पडतो, म्हातारा होतो, त्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न.

रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली. त्यांपैकी अनेकांना राजस्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे, तर ओरत्तनाडूचे दुसऱ्या सरफोजीराजांच्या प्रिय मुक्तांबेच्या नावाचे. छत्रांच्या खर्चासाठी गावे आणि जमिनी लावून दिलेल्या असत.

१७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. किल्ला व भोवतालचा थोडा भाग त्यांच्याकडे उरला. वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच त्यांचे उत्पन्न. अशा वेळी, १८०१ साली, त्यांनी कंपनीचा रेसिडेंट टॉरिन यास एक पत्र लिहिले. त्यात छत्रांच्या रक्षणाची विनंती आहे आणि छत्रांत काय चालते याचे वर्णनही आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. शिजवलेला भात ज्यांना चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाळी दिली जाई. आजाऱ्याला औषध, तान्ह्या मुलाला दूध, गर्भवतीची देखभाल, अनाथांचा सांभाळ आणि शिक्षण, वाटेत मरण पावलेल्या प्रवाशाचे अंत्यसंस्कार हे सारे छत्राचे काम होते. या दानधर्मामुळे लाभलेला लौकिक हीच आपली सर्वांत मोठी प्रतिष्ठा, असे या राजाने लिहिले.

या पत्राचे वेगळेपण असे की ते एका व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिलेले आहे. ज्या संस्थेला लंडनमधील भागधारकांना लाभांश द्यायचा होता, तिच्यापुढे एक राजा उपाशी वाटसरूची बाजू मांडत होता. नफा आणि पोषण यांच्यातला आजचा वाद दोन शतकांपूर्वी तंजावरात याच शब्दांत नसला, तरी याच अर्थाने झालेला दिसतो.

तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ गौरवावर थांबू नये. छत्र हे दान होते, आणि दान दात्याच्या इच्छेवर व सत्तेवर उभे असते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्राविना वारले, राज्य खालसा झाले, आणि त्या मध्यरात्रीच्या घंटेमागचा आश्रयदाता उरला नाही. दुसरी मर्यादा अधिक खोल होती. छत्र भुकेल्याला जेवू घाली, पण तो भात पिकवणाऱ्या भूमिहीनाच्या मजुरीविषयी ते काही बोलत नसे. त्याच तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ रोजी, मजुरीवाढीच्या लढ्याच्या काळात, दलित शेतमजूर कुटुंबांतील ४४ जणांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. खटल्यातील जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. दक्षिणेचे धान्याचे कोठार म्हणवणाऱ्या, छत्रांची परंपरा असलेल्या भूमीत हे घडले. दानाने भूक भागते, पण न्याय मिळतोच असे नाही.

म्हणून पुढचा टप्पा दानाकडून हक्काकडे जाण्याचा होता, आणि त्यातही हाच प्रदेश पुढे राहिला. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने एका शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. १९५६ मध्ये कामराजांनी ती योजना राज्यभर नेली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. घंटा पुन्हा वाजू लागली, पण आता ती शाळेची होती.

महाराष्ट्राचेही यात योगदान आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले आईवडील, मिलोची भाकरी आणि सुकडी आपल्या पहिल्या तुकड्यांतील अनेक विद्यार्थ्यांना आठवत असेल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. ‘कृपा करून काम द्या’ याची जागा ‘काम मिळणे माझा हक्क आहे’ या वाक्याने घेतली. त्या योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापली जाणारी ती छोटी रक्कम दुष्काळी गावातल्या मजुरापर्यंत पोहोचावी, अशी ती योजना होती. बाजारातून निर्माण झालेल्या संपत्तीवरच ही हमी उभी राहिली, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

अशा आधाराने माणसे आळशी होतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कडक उन्हात खडी फोडणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? मोबाइलवरील मागणीनुसार घरोघरी जेवण पोहोचवणारे तरुण आज आपल्या पालकांत आणि माजी विद्यार्थ्यांत आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच नोंद घेतली. पण ज्याच्या हाती इतरांचे अन्न असते, त्याने अपघातानंतर आपल्या घरच्या अन्नाची चिंता करावी, हे बदलायला नुसती नोंद पुरेशी नाही.

भांडवलशाही मोडावी असे तंजावरचा इतिहास सांगत नाही. ती सुधारावी, असे मात्र तो नि:संशय सांगतो. काय द्यावे हे छत्रांनी दाखवले. कसे द्यावे, हे छत्रांच्या अस्ताने शिकवले. या शाळेत साठ वर्षे जे शिकले, त्यांनी कर भरताना, व्यवसाय चालवताना आणि मत देताना एवढे विचारावे : मध्यरात्री कोणी उपाशी आहे का, हे आज कोण विचारते?